आधार : पाच

सकाळी सहाला झोपेचं औषध बंद केलं.
बेड सात. भालचंद्र टोकेकर, वय एकाहत्तर,
रामबाग, इंदूर. न्यूमोनिया, यंत्रावर दिवस बारावा.
तीस वर्षं वीज मंडळाचे मीटर वाचले त्यांनी,
सायकलवरून, जुनी इंदूर ते पलासिया,
असं त्यांच्या बायकोने सांगितलं काचेच्या दारात,
जणू हेही केसपेपरवर लागणार होतं.
मी लिहून घेतलं नाही.
तरी राहिलं लक्षात.

पुस्तकात या कामाला जो शब्द आहे
तो मुळात पाळण्याकडचा.
दूध तोडणं.
आमच्यात तसं कुणी म्हणत नाही,
आम्ही म्हणतो, 'सातला वीनिंगवर घ्या,'
आणि इमरान नॉब फिरवतो. बारा, दहा, आठ.
पाच.

माझ्या पोराचं तोडलं तेव्हा
आत्याने कोरफडीचा गर दिला होता, लाव म्हणाली.
तो तोंड लावायचा, कडू लागून मागे व्हायचा
आणि माझ्याकडेच बघायचा,
कारण तक्रार करायला त्याला दुसरं कुणी नव्हतं.

सोमवारी एकदा करून पाहिलं होतं.
अठरा मिनिटं. मग श्वास चाळीसवर,
मानेच्या शिरा दोरखंडासारख्या,
उशीवर घामाचं वर्तुळ.
मी परत जोडलं. यंत्राने काही न विचारता
सगळं हातात घेतलं.
चांगल्या घरात असंच होतं,
आजाऱ्याला स्वतःचं ताट उचलू देत नाहीत,
आणि फुप्फुसांखालचा पडदा
आतल्या आत पातळ होत जातो, मिलिमीटरच्या हिशेबाने.
सोनोग्राफीत दिसतो. मी पाहिलाय.

कुणाला किती दिवस सांभाळायचं
याचं उत्तर माझ्याकडे एका भागाकारात आहे:
मिनिटाचे श्वास, भागिले एका श्वासाचं माप.
एकशेपाचच्या खाली आलं तर जमेल, कदाचित.
'कदाचित' तक्त्यात छापलेलं नाही.
चोवीस भागिले शून्य दशांश पस्तीस.
अडुसष्ट.

स्टूल ओढून बसते. अर्धा तास.
या अर्ध्या तासात करण्यासारखं काहीच नसतं,
म्हणून तो संपत नाही.
लिसम्मा सिस्टर सरळ चादर पुन्हा सरळ करते.
बाहेर बाकावर त्यांची बायको
कागदातले पोहे धरून बसलीय, खात नाही,
पंख्याने जिरावण उडून पदरावर पडलंय.

मी म्हणते, काका, घ्या. मी म्हणते, सोडा.
मग गप्प होते.
श्वास घेणाऱ्याला 'घ्या' सांगणं म्हणजे
जिना उतरणाऱ्याला पायऱ्या मोजून दाखवणं,
त्यानेच पडतो माणूस.

सव्वीस मिनिटं. सत्तावीस.
आकडा चोवीसवर, एकदा तीस
(माझाच श्वास अडकला), परत पंचवीस.
टोकेकरांची मान वळते, अगदी थोडी, स्क्रीनकडे.
डोळे बारीक करतात.
अरे,
वाचतायत.
डावीकडून उजवीकडे, एकेक घर,
शेवटचा लाल अंक सोडून द्यावा तसे.

दहा वाजून चार मिनिटांनी नळी काढली.
खोकले. जोरदार, घाणेरडा, भरपूर खोकला,
इमरान म्हणाला, 'वा चाचा!'
मग फाटक्या गळ्यातून एक शब्द आला.
पाणी.

आत्ता नाही, काका.
आधी गिळणं तपासायचं. चार तास.

ते माझ्याकडे बघतात.
तसंच.

ओल्या बोळ्याने ओठ पुसते त्यांचे.
ते बोळाच चोखायला जातात, मी काढून घेते.
यंत्र हलवायला माणूस आलाय,
वॉर्डात दुसरं कुणी वाट बघतंय म्हणे.
मी त्याला परत पाठवते.
अठ्ठेचाळीस तास ते इथेच राहील, खाटेला लागून,
स्क्रीन कोरा,
नळी धुवून टांगलेली,
प्लग भिंतीत.